पावडर कुणी बनवली?

मागच्या महिन्यात आमच्या गटानं कपडे धुण्याची स्वस्त पावडर विकायला आणली. दोघींच्या हातांची सालं निघाली. पुडा उलटसुलट पाहिला, तर नुसतं गुलाबाचं चित्र!

खरं तर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हे सगळं पुड्यावर छापावंच लागतं. २०११ चा नियमच आहे. नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला सांगा. आयएसआय खूण असेल, तर तिच्याखालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कारखाना कळतो.

आत काय घातलंय ते मात्र पुष्कळ पुड्यांवर नसतं. चिमूटभर पावडरीवर लिंबू पिळा. जोरात फसफसली तर धुण्याचा सोडा नाहीतर चुनखडीची भुकटी आहे. सोडा जास्त झाला की हात सोलवटतात.

उरलेले पुडे आम्ही परत केले. पैसे अजून यायचेत.