पिसांखालचे दुखणे

कोंबडीच्या कातडीचे दुखणे उशिरा ध्यानात येते, कारण ते पिसांखाली दडलेले असते. ही कातडी फार पातळ असते. तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाची मुख्य ग्रंथी एकच, शेपटीच्या मुळाशी. तिथले तेल चोचीने घेऊन कोंबडी पिसांवर फिरवते आणि पिसे नीट राखते. आजारी कोंबडीने हे पिसे साफ करणे सोडले की ती विस्कटलेली, मळकट दिसू लागते. तोवर दुखणे जुने झालेले असते. अंडी कमी झाली की घरात आधी दाण्याला आणि मग हवेला दोष दिला जातो. पंख उचलून पाहण्याचे कुणाच्या मनात येत नाही.

तपासणीला सर्वांत चांगली वेळ दिवेलागणीनंतरची. कोंबड्या खुराड्यात दांडीवर बसल्या की धरायला धावपळ लागत नाही आणि रात्री बाहेर येणारे किडेही सापडतात. बॅटरीच्या उजेडात डोके, तुरा, डोळ्यांच्या पापण्या, पंखाखालचा भाग, छाती, शेपटीखालची जागा, पायांचे खवले आणि शेवटी तळवे अशा क्रमाने पाहावे. पिसे उलट्या दिशेने फुंकली की मुळाशी कातडी दिसते. निरोगी कातडी जातीनुसार पांढरट किंवा पिवळसर, कडकनाथात काळी असते आणि तिच्यावर खपली नसते. खूण शरीराच्या कोणत्या भागावर आहे, यावरून निम्मे निदान होते.

पिसे गळली म्हणजे रोगच झाला असे नाही. वर्षातून एकदा, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर, कोंबडी जुनी पिसे टाकते. गळती डोके आणि मानेपासून सुरू होऊन पाठ, छाती, पंख, शेपटी अशी सरकते. दोन-तीन महिने हे चालते आणि त्या काळात अंडी जवळजवळ थांबतात. उघड्या कातडीत नव्या पिसांच्या सुयांसारख्या नळ्या दिसल्या तर काळजीचे कारण नाही. या दिवसांत प्रथिने जास्त असलेले खाद्य द्यावे, कारण पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनतात. खुडूक कोंबडी पोटावरची पिसे स्वतःच उपटते, म्हणजे अंड्यांना अंगाची ऊब थेट लागते. काही देशी कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. पाठीवर, पंखांच्या मुळाशी टक्कल पडले असेल तर बहुतेक वेळा ते कोंबड्याचे काम. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्याहून जास्त ठेवले की माद्यांच्या पाठी सोलून निघतात.

टोचाटोचीची गोष्ट वेगळी. शेपटीजवळची पिसे तुटलेली, कातडीवर रक्त, आणि बाकीच्या कोंबड्या तिथेच चोच मारताना दिसतात. जागा अपुरी असणे, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी पडणे, ऊन-उजेडाचा मारा किंवा अंगावरच्या उवा ही त्याची नेहमीची कारणे. रक्ताचा लाल रंग दिसला की साऱ्या कळपाची चोच तिकडे वळते, म्हणून जखमी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करावी, जखम जंतुनाशकाने धुवावी आणि भरून आल्यावरच तिला परत सोडावे.

खरा उपद्रव असतो तो किड्यांचा. त्यांचे दोन गट ओळखता आले की उपाय चुकत नाही: अंगावर राहणारे आणि घरात राहणारे. उवा पहिल्या गटातल्या. त्या पिवळसर, चपट्या असतात, पिसे उचलताच पळू लागतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरट गुच्छ चिकटवून ठेवतात. कोंबडीच्या उवा मुख्यतः कातडीचा कोंडा आणि पिसे खाऊन जगतात. अंगावरून खाली पडल्या की आठवडाभरातच मरतात. माणसाच्या अंगावर त्या टिकत नाहीत. अंगावरच राहणारा दुसरा किडा म्हणजे पक्ष्यांचा माइट. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा आठ पायांचा जीव शेपटीखाली जमतो आणि तिथली पिसे काळपट, चिकट दिसतात.

दुसऱ्या गटातला तांबडा माइट जास्त धूर्त. तो दिवसा दांडीच्या फटीत, खिळ्यांच्या भोकांत, सारवलेल्या भिंतीच्या भेगांत लपतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी अंग स्वच्छच दिसते. तुरा मात्र फिकट पडत जातो, अंडी घटतात, पिले मरतात आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार होत नाहीत. हे शेवटचे लक्षण फार बोलके आहे. दांडीच्या फटीवरून पांढरा कागद घासावा. त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले तर निदान पक्के. असाच दिवसा लपणारा कोंबडीचा गोचीड आपल्याकडच्या जुन्या खुराड्यांत नेहमी आढळतो. त्याचे नुकसान रक्तापुरते नाही: चावताना तो स्पायरोकीट जातीचे जंतू सोडतो, आणि त्यांच्या तापाने कोंबड्या हिरवट हगवण लागून दगावतात. मोठा गोचीड अन्नाशिवाय वर्षानुवर्षे जगू शकतो. खुराडे काही महिने रिकामे ठेवले म्हणजे तो संपला, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो.

यावरून उपचाराची दिशा ठरते. उवांसाठी औषध कोंबडीच्या अंगाला लावावे लागते, तांबड्या माइटसाठी आणि गोचिडासाठी मुख्यतः घराला. दांड्या काढून उन्हात तापवाव्यात, भेगा बुजवाव्यात, जुना भुसा जाळावा आणि भिंतींना चुना द्यावा. त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणात परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन गटातले औषध फवारावे. अंड्यांवर आणि लिखांवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरा हात देणे अटळ आहे. बहुतेक ठिकाणी उपचार फसतो तो इथेच. धूळस्नानाची जागा कायम ठेवावी. राख आणि कोरडी माती उपयोगी आहेच. त्यात थोडी गंधकाची भुकटी मिसळली तर गुण जास्त येतो.

पायांच्या खरजेला औषधापेक्षा चिकाटी लागते. माणसाच्या खरजेच्या किड्यासारखाच एक माइट खवल्यांखाली बिळे करतो. खवले उचलले जातात, खाली पांढरट चुन्यासारखा थर साचतो, पाय जाड होतात आणि शेवटी कोंबडी लंगडते. म्हाताऱ्या कोंबड्यांत हे जास्त दिसते आणि ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिले जाते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासावेत, सुटलेली खपली काढावी, घट्ट असलेली ओढू नये. मग व्हॅसलिन किंवा खाद्यतेल चोळावे. त्याने किड्याची हवा तुटते. पाय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात आणि लेप दर आठवड्याला द्यावा लागतो. रॉकेलमध्ये पाय बुडवण्याची जुनी चाल बंदच व्हावी, कारण त्याने कातडी भाजते.

तळव्यावर सूज आणि मधोमध काळी खपली हा वेगळा आजार. उंच दांडीवरून कडक जमिनीवर उडी मारताना किंवा काटा-काच लागून जखम होते, तिच्यात पू करणारे जंतू शिरतात आणि आत घट्ट गाठ बनते. सुरुवातीला मिठाच्या कोमट पाण्याने शेकून, जंतुनाशक लावून, पट्टी बांधून आणि मऊ भुश्यावर ठेवून भागते. गाठ बसली की ती पशुवैद्यकाकडूनच काढावी. घरच्या ब्लेडने ती कापणे हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय त्याने जंतू आणखी खोल जातात.

तुरा, पापण्या, चोचीची कड अशा पिसे नसलेल्या भागांवर फोड येऊन काळ्या-तपकिरी खपल्या धरल्या तर ती कोंबड्यांची देवी. तिचा विषाणू धड कातडीतून आत जात नाही. डासाच्या चाव्यातून किंवा टोचाटोचीच्या जखमेतून शिरतो. म्हणून डास वाढले की साथ पसरते. माणसाला हा रोग होत नाही. त्यावर मारक औषध नाही. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात. तोवर डोळे मिठाच्या कोमट पाण्याने पुसावेत, दिसत नसलेल्या पक्ष्याला हाताने दाणापाणी द्यावे आणि खपल्यांवर हळद-तेल लावले तरी चालते. खपली खरवडू नये, कारण वाळलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. पडलेल्या खपल्या जाळाव्यात. तोंडात पिवळट थर बसला तर मात्र श्वास कोंडून पक्षी मरू शकतो, अशा वेळी दवाखाना गाठावा. देवीची लस स्वस्त आणि भरवशाची आहे. पिले सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर ती पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. आठवडा-दहा दिवसांनी टोचलेल्या जागी गाठ दिसली तरच लस लागू पडली असे समजावे. दिसली नाही तर पुन्हा टोचावी. साथ सुरू झाल्यावरही निरोगी पक्ष्यांना ती देता येते. १९३१ मध्ये अमेरिकेत ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी कोंबडीच्या गर्भांड्यात जो विषाणू वाढवून दाखवला तो हाच देवीचा, आणि अंड्यात विषाणू वाढवून लस करण्याची वाट त्यातून खुली झाली.

तुऱ्यावर पिठासारखा पांढरा थर ही बुरशी असते आणि ती माणसालाही लागू शकते. हातमोजे घालूनच औषध लावावे. कातडीखाली गाठी, मग एक पाय लुळा पडणे ही मॅरेक्स रोगाची शंका आणते. त्याला उपचार नाही, लस एक दिवसाच्या पिलालाच देतात. तुरा जांभळा, डोके सुजलेले आणि एकापाठोपाठ मरतुक असेल तर प्रश्न कातडीचा उरत नाही, तो बर्ड फ्लू असू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला हात न लावता, तो न सोलता पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवावे.

औषधाच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळावे लागते. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तांबड्या माइटसाठी वापरलेले फिप्रोनिल हे कीटकनाशक अंड्यांत उतरले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. कुत्र्याच्या गोचिडासाठी आणलेली बाटली किंवा शेतातले उरलेले कीटकनाशक कोंबडीवर वापरणे हा त्याच चुकीचा घरगुती प्रकार. बाजारात कुठे गॅमेक्झिन पावडर मिळाली तरी घेऊ नये, तिच्यावर देशात बंदी आहे. आयव्हरमेक्टिन हे औषधही अंड्यांत उतरते. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. अंडी विकायची असोत की घरात खायची, औषध लावण्याआधीच ती किती दिवस बाजूला काढायची हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.