बा आणि सहा भावांची बहीण

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आपण मुलांना घेऊन जातो. बापूकुटी पाहतो, शेजारची बा-कुटी पाहतो. कस्तुरबांना सारा आश्रम ‘बा’, म्हणजे आई म्हणे. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, त्यांचे निधन झाले.

याच आश्रमातल्या बीबी अमतुस्सलाम मात्र आपल्या घरांत फारशा कुणाला ठाऊक नाहीत. पतियाळाच्या खानदानी मुस्लिम घराण्यातली, सहा थोरल्या भावांची ही बहीण. तब्येत नाजूक, तरी पडदा सोडून त्या सेवेत आल्या, आपला दीन सांभाळून राहिल्या. गांधीजी त्यांना बेटी मानत.

नोआखालीच्या दंगलीनंतर सिरंडी गावात त्यांनी 25 दिवस उपवास केला. हिंदू शेजाऱ्यांना सांभाळू, असा लेखी शब्द तिथल्या मुसलमानांनी दिला, तेव्हा 20 जानेवारी 1947 रोजी गांधीजींच्या हातून रस घेऊन त्यांनी तो सोडला.

फाळणीत भाऊ पाकिस्तानात गेले. त्या मात्र इथेच राहिल्या. पंजाबातल्या राजपुऱ्यात त्यांनी तिकडून आलेल्या निर्वासितांसाठी काम उभे केले आणि संस्थेला नाव दिले कस्तुरबांचे. 1985 साली त्यांचा इंतकाल झाला.

गेलेल्या आईसाठी आपण दुआ करतो. तिच्या नावाने चांगले काम चालू ठेवणे, हीही तिची आठवणच. आपल्या मरहूम आई-बहिणींविषयी मुलांना सांगताना या बहिणीविषयीही सांगू या.