घटक ३ : फाइल पाठवण्यापूर्वी सर्व्हरची ओळख

३.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास
• गुप्तता आणि ओळख यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्रातील प्रमुख नोंदी तपासता येतील;
• प्रमाणपत्राविषयी इशारा आल्यास काय करावे, हे ठरवता येईल.

३.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, नियतकालिकाचे संपादन किंवा संकेतस्थळासाठी लेखन करताना मजकुराच्या फाइली दूरच्या सर्व्हरवर पाठवाव्या लागतात. त्यासाठीची एफटीपी ही पद्धत १९७१ मध्ये अभय भूषण यांनी, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत असताना, प्रथम मांडली. या मूळ पद्धतीत पासवर्डसुद्धा उघड्या मजकुराच्या रूपातच जातो. वाटेत तो कोणी वाचू नये म्हणून पुढे एफटीपीएस ही पद्धत आली. तिच्यात पासवर्ड व मजकूर सांकेतिक रूपात पाठवता येतात. मात्र एवढ्याने आपण निर्धास्त व्हावे काय?

३.३ गुप्तता आणि ओळख
महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, हे आपण जाणताच. किल्ली ठाऊक नसलेल्यास तो मजकूर उलगडत नसे. परंतु किल्ली मागणारा स्वतःच तोतया असेल, तर लिपी कितीही अवघड असली तरी निरुपयोगी ठरते. सर्व्हरच्या बाबतीतही हेच घडते. तोतया सर्व्हरशी आपला संवाद पूर्णतः सांकेतिक असू शकतो. तरीही आपला पासवर्ड त्याच्याच हाती पडतो. त्या पासवर्डाने खऱ्या सर्व्हरवर शिरून तो आपले लेखन पुसू वा बदलू शकतो. म्हणून समोर कोण आहे, हे आधी तपासावे लागते.

३.४ प्रमाणपत्राचे स्वरूप
प्रमाणपत्रात सर्व्हरचे नाव, वैधतेची मुदत, ते देणाऱ्या प्रमाणन संस्थेचे नाव व त्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी, तसेच सर्व्हरची सार्वजनिक किल्ली असते. प्रमाणपत्र कोणालाही पाहता येते. त्यामुळे त्याची नक्कल जवळ असणे पुरेसे नाही. सार्वजनिक किल्लीशी जुळणारी खाजगी किल्ली आपल्यापाशी आहे, हेही सर्व्हरला सिद्ध करावे लागते.

३.५ इशारा आल्यास
फाइलझिलासारखे प्रोग्रॅम शंका आल्यास प्रमाणपत्राचा तपशील दाखवून विश्वास ठेवायचा का, असे विचारतात. त्याची नेहमीची कारणे तीन :
(अ) मुदत संपलेली असते.
(आ) नाव जुळत नाही. अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर असली, की प्रमाणपत्र पुष्कळदा सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या नावाचे असते.
(इ) प्रमाणपत्रावर सर्व्हरचालकाने स्वतःच स्वाक्षरी केलेली असते.

ही कारणे निरुपद्रवी असू शकतात. पण तोतया असला तरी पडद्यावर असाच इशारा दिसतो. म्हणून घाईने होकार देऊ नये. सर्व्हरच्या व्यवस्थापकास आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट विचारावा. हा प्रमाणपत्राचा जणू अंगठ्याचा ठसा होय. त्यातील ६४ अक्षरांक पडद्यावरील अक्षरांकांशी पूर्णपणे जुळले, तरच पुढे जावे. नेहमीसाठी विश्वास ठेवण्याच्या पर्यायावर खूण करायची, तर तीही त्यानंतरच. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले की ठसा बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.

एसएफटीपी ही नावाने जवळची, पण वेगळी पद्धत आहे. तिच्यात सामान्यतः प्रमाणपत्राऐवजी सर्व्हरची किल्ली असते. पहिल्या जोडणीच्या वेळी तिचाही ठसा असाच पडताळावा.

३.६ मर्यादा
प्रमाणन संस्थाही चुकू शकते. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत शिरून घुसखोरांनी गूगलच्या नावे खोटे प्रमाणपत्र तयार केले. त्याचा वापर इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध झाला. ब्राउझर-निर्मात्यांनी डिजिनोटारवरील विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी ती संस्था दिवाळखोरीत निघाली.

३.७ सारांश
सांकेतिक रूपामुळे मजकूर झाकला जातो. तो कोणाच्या हाती जातो, हे प्रमाणपत्रावरून कळते. इशाऱ्याची खिडकी म्हणजे कामातील अडथळा नव्हे. पासवर्ड देण्यापूर्वी थांबून विचारण्याची ती शेवटची संधी असते.

३.८ स्वाध्याय
१. प्रमाणपत्राची नक्कल मिळवूनही तोतयाचे काम का भागत नाही?
२. फिंगरप्रिंट त्याच जोडणीतून न मागता दूरध्वनीवरून का विचारावा? सकारण लिहा.