गावचा वाद्यवृंद : आधी मेस्त, मग व्हायोलिन

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात सेवा करीत होतो, तेथे आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाने चर्चला सहा व्हायोलिन भेट दिली. नाताळच्या मिस्सेनंतर वाद्यांवर आशीर्वाद मागण्यात आला, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. वीस-बावीस मुलांनी नावे नोंदविली. शिकविण्यासाठी शहरातून एक तरुण दर शनिवारी येत असे. जूनमध्ये पाऊस लागला, एस.टी.ची वेळ जमेना, आणि तो येईनासा झाला. व्हायोलिन साक्रिस्तीतील कपाटात गेली. सप्टेंबरमध्ये कपाट उघडले तेव्हा दोन वाद्यांच्या पाठी सुटलेल्या होत्या, तारांवर गंज चढला होता आणि बोच्या केसांना कीड लागली होती. दोष कपाटाचा नव्हता, पावसाचाही नव्हता. वाद्ये स्वीकारताना शिकविणाऱ्याची कायमची सोय मी केली नव्हती, हा दोष माझाच.

हे आठवण्याचे कारण असे की, मालवण किनाऱ्यावरील तरुणांशी बोलताना अलीकडे 'आपलाही एक ऑर्केस्ट्रा असावा' ही इच्छा वारंवार ऐकू येते. कोकणात 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की जत्रेच्या रात्री मंडपात होणारा चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. येथे तो अभिप्रेत नाही. गावातील दहा-वीस हौशी माणसे आठवड्यातून एकदा एकत्र बसून, समोर लिहिलेले स्वर वाचून, आपापला भाग वाजवितात आणि त्यातून एकच संगीत उभे राहते, असा वाद्यवृंद येथे अभिप्रेत आहे. शिंपी, शिक्षिका, मच्छीमार, नववीतला विद्यार्थी, निवृत्त कारकून हे त्याचे वादक. असा वाद्यवृंद कसा उभा राहतो व कशाने कोसळतो, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या दक्षिणेलाच गोवा आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात चर्चला जोडून शाळा निघू लागल्या. तेथे मुले अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी व व्हायोलिन शिकत. शिकविणारा तो मेस्त. तोच गायकवृंदाचा प्रमुख, तोच लदीनीला व्हायोलिन घेऊन क्रुसासमोर उभा राहणारा. मेस्त कोणी मोठा कलावंत असेच असे नाही, परंतु तो गावात राहत असे. गावकरीच्या अथवा चर्चच्या निधीतून त्याच्या पोटाची सोय होत असे, आणि दर आठवड्याला, पाऊस असो वा फेस्त, त्याची शाळा भरत असे. मुलांना वाद्य हाती मिळण्यापूर्वी सॉल्फेज, म्हणजे समोरचे स्वर पाहून नावानिशी गाणे, घोटून घ्यावे लागे. आजच्या पालकांना हे कंटाळवाणे वाटेल. परंतु जो मुलगा कागदावरचा स्वर मनात ऐकू शकतो, तो अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पहिल्याच दिवशी वाजवू शकतो. वाद्यवृंदाला नेमके हेच हवे असते.

या शाळांचे फळ मुंबईने खाल्ले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तेव्हा त्यात हौशी पारशी वादकांच्या बरोबरीने हॉटेलांत व चित्रपटगृहांत वाजविणारे गोवेकर ख्रिस्ती वादक बसले. पुढे १९६२ मध्ये जिनी दिनशॉ यांनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला, तोही मोठ्या प्रमाणात हौशी वादकांच्या बळावर. दरम्यान हिंदी चित्रपटसृष्टीला स्वरलिपी वाचणारे वादक शेकड्यांनी हवे होते, आणि ते गोव्याच्या खेड्यांतून आले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गीतामुळे घरोघरी पोहोचले. ते गीत संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या व्हायोलिनगुरूला दिलेली मानवंदना होती, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. माजोर्डा गावी जन्मलेल्या गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे मेस्त होते आणि मुलाचे पहिले शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुंबईत उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्याच्यासोबत गायला लावले. हा प्रयोग फार काळ चालू शकला नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात ते अमेरिकेला गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८०-९० च्या दशकांत सिंथेसायझर आला, प्रत्येक वाद्य वेगवेगळे ध्वनिमुद्रित करण्याची सोय झाली आणि मोठ्या वादकसमूहांची गरज संपली. तोवर अनेक गावांतील मेस्तांच्या शाळाही ओस पडल्या होत्या. त्याचा परिणाम काय झाला, हे २००६ साली दिसून आले. मुंबईच्या एनसीपीए या संस्थेने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. उत्तम सभागृह होते, पाठबळ होते, श्रोतेही होते. तरीही बहुसंख्य वादक कझाकस्तान व इतर देशांतून आणावे लागले. पुढे या संस्थेने लहान मुलांना पायापासून शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. जे काम आपल्या शेजारी कौलारू शाळांतून होत असे, ते महानगराला नव्याने आरंभावे लागले.

व्हेनेझुएलातील होसे अँतोनियो आब्रेऊ यांची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. १९७५ साली काराकास येथे त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद सुरू करण्याचे ठरविले. शंभर मुलांसाठी स्वरलिपी ठेवण्याच्या ५० घोड्या देणगीदाखल मिळाल्या. पहिल्या तालमीला मुले आली अकरा. आब्रेऊ यांनी तालीम रद्द केली नाही. अकरा जणांना घेऊनच वाजवून घेतले, आणि त्यातून पुढे देशभर पसरलेली 'एल सिस्तेमा' ही चळवळ उभी राहिली. त्यांच्याकडेही मुलांआधी साहित्य आले होते, माझ्याकडेही. फरक इतकाच की तेथे दुसऱ्या दिवशीही शिकविणारा माणूस हजर होता.

गोव्यात हा धागा पुन्हा जोडणारा एक प्रयत्न आज चालू आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेले व्हायोलिनवादक लुईस डायस यांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांना तेथे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बासरी आदी वाद्ये शिकविली जातात, आणि शिक्षक, मोठी झालेली मुले व हौशी वादक एकाच वाद्यमेळात शेजारी-शेजारी बसतात. मला यातील ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे शहरांतील बरीच मुले परदेशी मंडळांच्या संगीत परीक्षा देतात. वर्षभर तीन-चार रचना घोटायच्या, परीक्षकासमोर वाजवायच्या आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे. पाचवी-सहावी श्रेणी गाठलेल्या मुलाला दुसऱ्याबरोबर चार ओळी वाजविता येत नाहीत, हे मी पाहिले आहे. कारण तसा प्रसंगच त्याच्यावर कधी आलेला नसतो.

आता तोंडवलीकडे वळू. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माड-सुरूंची चिंचोळी पट्टी. एवढ्याशा गावातून वाद्यवृंद उभा राहणार नाही, हे उघड आहे. परंतु तोंडवली, आचरा, सर्जेकोट, मालवण असा टापू घेतला तर चित्र बदलते. या टापूला एकत्र तालीम करणे मुळीच परके नाही. भजनी मंडळे आठवड्याचा वार न चुकविता बसतात, डबलबारीसाठी महिनोन्महिने तयारी करतात. रापण ओढताना दोन्ही दोरांवरच्या माणसांनी सारखा जोर लावावा लागतो, हे येथील मुलाला सांगावे लागत नाही. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसणाऱ्याला त्याच्या वाट्याचे महत्त्व पटवायला शहरात अर्धा तास लागतो, येथे एक वाक्य पुरावे.

वर्षाचे वेळापत्रकही गावाच्या कलाने आखावे लागेल. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मोठी माणसे घरी असण्याचा हाच काळ. नवशिक्यांची पायाभरणी याच महिन्यांत करावी, म्हणूनच शिकविणारा पावसाळ्यात टिकणारा, शक्यतो टापूतच राहणारा हवा. मे महिन्यात व नाताळात मुंबईचे चाकरमानी घरी येतात. त्यांच्यात वांद्रे, माहीम येथील चर्चमध्ये वाजविणारे किंवा एकेकाळी पोलीस वा रेल्वेच्या बँडमध्ये असलेले कोणी ना कोणी सापडते. त्यांना पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसवू नये, मुलांच्या शेजारच्या खुर्चीत बसवावे.

सुरुवात किती जणांनी करावी? चार व्हायोलिन, जमल्यास एक चेलो, आणि गावात फेस्ताच्या बँडमधील क्लॅरिनेट वा ट्रम्पेटवाला असेल तर तो. व्हिओला मिळाला नाही तर तो भाग तिसऱ्या व्हायोलिनसाठी लिहून घ्यावा. चेलो नसेल तर खालचे स्वर हार्मोनियमवर वाजवावेत. कीबोर्डही चालेल, मात्र त्यातील तालाचे बटन बंद ठेवण्याच्या अटीवर. त्या बटनाने आपल्या किती गायकवृंदांची स्वतःची लय घालविली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पट्टीचा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात पहिल्या तालमीतच येतो. आपली गीते पेटीवर गायकाच्या सोयीने काळी एक किंवा काळी चारमध्ये गायिली जातात. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए व ई या स्वरांच्या. काळी चार, म्हणजे जी शार्पच्या मेजरमध्ये, या चारांपैकी एकच तार उपयोगी पडते. नवशिक्याच्या बोटांचे मग हाल होतात. तेच गीत जी, डी किंवा सीमध्ये घेतले की चारही तारा साथ देतात. उलट बँडमधील क्लॅरिनेट व ट्रम्पेट ही सामान्यतः बी-फ्लॅटची वाद्ये, म्हणजे त्यांनी 'सी' वाजविला की कानाला बी-फ्लॅट ऐकू येतो. त्यांच्यासाठी भाग एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. व्हायोलिनचाच कागद त्यांच्यापुढे ठेवला की गोंधळ माजतो, आणि 'बँडवाले बेसूर आहेत' असा ठपका येतो. बिचाऱ्यांचा काही अपराध नसतो. सी व एफ या पट्ट्या दोघांनाही झेपतात. जुन्या रचनांचे कागद विकत घेण्याची गरज नाही. आयएमएसएलपी या २००६ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेल्या असंख्य रचना विनामूल्य मिळतात.

उपासनेत ही वाद्ये चालतील का, असे काही ज्येष्ठ विचारतात. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानो व ढोल यांना मनाई केली होती, ही आठवण त्यामागे असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेस साजेशी असतील अशी इतर वाद्ये स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास वाट दिली आहे. अर्थात गावच्या वाद्यवृंदाने चर्चपुरतेच राहावे असेही नाही. त्यात शेजारचा हिंदू वा मुसलमान मुलगा बसला तर वाद्यवृंद अधिक भक्कम होईल.

वाद्यांच्या निगेविषयी दोन शब्द. व्हायोलिन प्राणिज सरसाने चिकटविलेले असते. दमट हवेत सांधा सुटतो, तो याच कारणाने, आणि तो पुन्हा जोडता यावा म्हणूनच सरस वापरतात. अशा वेळी फेव्हिकॉल लावून घरीच दुरुस्ती करू नये. पुढच्या वेळी सांध्याऐवजी लाकूड फाटते. वाजवून झाल्यावर बो सैल करावा, तारांवरची राळ व खारा घाम कोरड्या कापडाने पुसावा. रोज वाजणारे वाद्य कपाटातल्या वाद्यापेक्षा पावसाळा चांगला काढते.

राहता राहिला मेस्तचा प्रश्न, आणि खरी अडचण येथेच आहे. वाद्यांसाठी देणगी मिळते, कारण वाद्यावर देणगीदाराचे नाव घालता येते. मानधनावर पितळी पाटी लावता येत नाही. तेव्हा चार धर्मग्रामांनी मिळून एकच मेस्त ठेवावा, प्रत्येक गावाला आठवड्याची एक दुपार व महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वांची एकत्र तालीम, असे मला सुचवावेसे वाटते. मानधन दरमहा ठरलेल्या तारखेस, पावसाळ्यातही न चुकता दिले जावे, आणि निदान तीन वर्षांची रक्कम बाजूला काढल्याशिवाय एकही वाद्य विकत घेऊ नये. पहिल्या वर्षी जाहीर कार्यक्रमाची घाई नको. मे महिन्यात एखाद्या वाड्यावरील क्रुसाच्या लदीनीला चार व्हायोलिन स्वच्छ सुरात वाजली तरी पुरे.

त्या कपाटातील सहांपैकी चार व्हायोलिन दुरुस्त होऊन आज वाजण्याजोगी आहेत. तेथील गायकवृंद ती तोंडवलीच्या टापूला देण्यास तयार आहे. फक्त मेस्तच्या मानधनाचे ठरले की कळवा, असा त्यांचा निरोप आहे.