सडक्या अंजिरापासून संदर्भसूचीपर्यंत

१९३८ साली कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावाजवळ एमिल म्राक या संशोधकाने सडलेल्या अंजिरातून एक यीस्ट वेगळे केले. त्याला नाव मिळाले ईएम९३. पुढे रॉबर्ट मॉर्टिमर यांनी त्याच्या वंशजांचे इतर वाणांशी संकर करत करत एस२८८सी हा वाण तयार केला. या वाणाच्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे करत नाहीत, द्रवात सुट्या राहतात. त्यामुळे मोजायला, तबकडीवर पसरायला, एकेका पेशीची वसाहत वाढवायला तो सोयीचा. १९८६ मध्ये मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी या वाणाची वंशावळ प्रसिद्ध केली. एस२८८सीची सुमारे ८८ टक्के जनुकसंपदा त्या अंजिरातल्या यीस्टकडूनच आली होती, हे त्यातून दिसले.

ही जात सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. बेकरीतला पाव फुगवणारी आणि साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल काढणारीही हीच. १९९६ मध्ये एस२८८सीचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांपैकी जीनोम पूर्ण वाचला गेलेला हा पहिला. सोळा गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे, जवळपास ६,००० जनुके. युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधले सुमारे ६०० शास्त्रज्ञ या कामात होते आणि बेल्जियमचे आंद्रे गोफो त्यांचे सूत्रधार. त्याआधी १९९२ मध्ये एकट्या तिसऱ्या गुणसूत्राचा निबंध आला, तेव्हाच लेखकांची यादी शंभराच्या पुढे गेली होती. जीवशास्त्रात निबंधाखाली इतकी नावे पाहण्याची तेव्हा कोणाला सवय नव्हती.

यीस्टवरच्या निबंधांचा ढीग त्यानंतर झपाट्याने वाढला. त्यातला कोणता निबंध महत्त्वाचा आणि कोणता नुसती भर, हे ठरवायचे कसे? वैज्ञानिक जगाने यासाठी एक सोपे माप धरले आहे. एका निबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन. ही मोजदाद पद्धतशीरपणे सुरू केली अमेरिकेच्या युजीन गारफिल्ड यांनी, १९६०च्या दशकात. त्यातूनच पुढे नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत, ग्रंथालयांनी कोणती मागवावीत, हे ठरवायला तो उपयोगी होता. माणसांची किंमत ठरवायला तो निघालेला नव्हता.

यीस्टच्या क्षेत्रात सर्वाधिक संदर्भ कोणाला मिळतात, हे पाहिले की या मापाचा स्वभाव कळतो. तिथे मोठमोठ्या सिद्धांतांच्या बरोबरीने, बरेचदा पुढेही, प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरातली भांडी असतात. लिथियमचा क्षार वापरून यीस्टच्या पेशीत बाहेरचा डीएनए घालण्याची पद्धत १९८३ मध्ये जपानी संशोधकांनी दिली. ती सुधारत सुधारत आजही रोज वापरली जाते. १९८९ मध्ये सिकोर्स्की आणि हीटर यांनी जनुके ये-जा करवणाऱ्या वाहकांचा, म्हणजे पीआरएस प्लाझ्मिडांचा, संच ‘जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये ‘यीस्ट’ या नियतकालिकात दोन निबंध आले. एक होता हवे ते जनुक काढून टाकण्याच्या किंवा त्याला खूणचिठ्ठी जोडण्याच्या सोयीचा, दुसरा एस२८८सीपासून बेतलेल्या खास वाणांचा. ‘यीस्ट’ हे नाव ऐकून कोणी दिपून जात नाही. तरीही या दोन निबंधांना जगभरातून अखंड संदर्भ मिळत राहिले, कारण ज्याने ते वाण किंवा ती सोय वापरली त्याला ऋण मान्य करावेच लागले. संदर्भांची संख्या उपयोग मोजते, आणि उपयोग ही लहान गोष्ट नव्हे. स्वतःचे हत्यार जगाला फुकट देणाऱ्याचा हा मान आहे.

१९८९ मध्येच स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी ‘नेचर’मध्ये यीस्ट टू-हायब्रिड ही युक्ती मांडली. यीस्टमध्ये गॅल४ नावाचे एक प्रथिन आहे. ते गॅलॅक्टोज साखर पचवणारी जनुके चालू करते. त्याचे दोन भाग तोडून दोन वेगळ्या प्रथिनांना जोडायचे. ती दोन प्रथिने एकमेकांना धरत असतील तरच गॅल४चे तुकडे जवळ येतात आणि जनुक चालू होते. पुढे ही युक्ती माणसाच्या, वनस्पतींच्या, विषाणूंच्या प्रथिनांवर वापरली गेली. यीस्टशी ज्यांना काडीचे कर्तव्य नाही अशांनीही या निबंधाचा संदर्भ दिला.

गॅल४ची ही साखळी महाराष्ट्रापर्यंत येते. पवईच्या आयआयटी मुंबईत पी. जे. भट यांनी याच गॅलॅक्टोज-स्विचवर वर्षानुवर्षे काम केले. गॅल३ हे प्रथिन गॅल४ला जागे करण्यात भाग घेते, हे दाखवणारा त्यांचा जेम्स हॉपर यांच्यासोबतचा निबंध १९९२चा. या एका स्विचवर त्यांनी पुढे पूर्ण पुस्तकच लिहिले.

हत्यारांच्या निबंधाचे सोने लगेच होते. शोधाच्या निबंधाला मात्र कधी कधी फार थांबावे लागते. योशिनोरी ओसुमी यांची गोष्ट त्यासाठी पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे.

१९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ओसुमींना टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. इतर जण ज्यावर काम करत नव्हते असा विषय त्यांनी निवडला: यीस्टची रिक्तिका. पेशीचा कचराडबा म्हणून तिच्याकडे पाहिले जाई. पेशी उपाशी राहिली की ती आपलेच काही भाग मोडून खाते, असा अंदाज होता. पण यीस्टमध्ये ते प्रत्यक्ष पाहायचे कसे? ओसुमींनी असे वाण घेतले की ज्यांच्या रिक्तिकेत प्रथिने पचवणारी विकरे नव्हती. ते उपाशी ठेवले आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पचनच बंद असल्याने आत आलेला माल मोडला जात नव्हता. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरली आणि त्या गोळ्या थरथरत हलू लागल्या. पेशीचे स्वभक्षण, म्हणजे ऑटोफॅजी, डोळ्यांसमोर चालू होती.

हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढचे पाऊल अधिक मोलाचे होते. त्यांनी व त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी हजारो उत्परिवर्तित पेशींतून अशा शोधल्या की ज्यांना उपासात असे स्वभक्षण करता येत नव्हते. त्यातून पंधरा जनुकांचा माग लागला. हा निबंध १९९३ मध्ये ‘फेब्स लेटर्स’मध्ये आला. ते सभ्य, मध्यम मानाचे नियतकालिक. मुखपृष्ठावर झळकणारे नव्हे.

त्या काळात ऑटोफॅजीवर जगात वर्षाला मोजकेच निबंध निघत. निबंधालाच वाचक थोडे, तर संदर्भ कुठून मिळणार! इम्पॅक्ट फॅक्टरचा दोन वर्षांचा हिशेब १९९५ मध्येच बंद झाला, आणि या निबंधाचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले. ती पंधरा जनुके कोणती, त्यांची प्रथिने एकमेकांना कशी जोडली जातात, हे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उलगडत गेले. तीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे, हे दिसले. मग कर्करोग, मेंदूचे विकार, संसर्ग अशा सगळ्या दिशांनी संशोधक तिकडे वळले. आज ऑटोफॅजीवर दरवर्षी हजारो निबंध निघतात. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले, आणि नोबेल समितीने मुळाशी दाखवले ते १९९२ आणि १९९३ चे हेच निबंध.

विषय तापला की संदर्भांची चाल कशी बदलते, तेही याच क्षेत्रात दिसते. अनेक गटांनी त्याच जनुकांना आपापली नावे दिली होती: कोणी एपीजी, कोणी एयूटी, कोणी सीव्हीटी. जुने निबंध वाचताना एकच जनुक तीन नावांनी भेटे. २००३ मध्ये सर्वांनी मिळून एटीजी हे एकच नाव मान्य केले. त्यात पुढाकार मिशिगनचे डॅनियल क्लिऑन्स्की यांचा. तेही यीस्टवालेच. ऑटोफॅजी मोजावी कशी, याची त्यांच्या पुढाकाराने तयार झालेली मार्गदर्शिका २०१६ च्या आवृत्तीत २२२ पानांची झाली. तिचे लेखक दोन हजारांहून जास्त! पद्धतीचा आधार म्हणून जो तो तिचा संदर्भ देतो. तिच्या सायटेशनांचा डोंगर आणि १९९३ च्या त्या छोट्या निबंधाची सायटेशने एकाच तागडीत घालणे अन्यायाचे आहे. दोन्ही मोलाची, पण जात वेगळी.

या तागडीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवला तोही यीस्टच्याच माणसाने. बर्कलीचे रँडी शेकमन यांनी पीटर नोविक या विद्यार्थ्यासोबत १९७९ पासून असे यीस्ट-वाण शोधले की ज्यांना पेशीतला माल बाहेर पाठवता येत नव्हता. त्यातून वाहतुकीची २३ जनुके हाती आली. २०१३ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळाले. त्याच डिसेंबरात, पारितोषिक स्वीकारण्याच्या सुमारास, त्यांनी ‘गार्डियन’मध्ये जाहीर केले की आपली प्रयोगशाळा यापुढे ‘नेचर’, ‘सेल’ आणि ‘सायन्स’ला निबंध पाठवणार नाही. या नियतकालिकांतल्या जागेच्या मोहाने शास्त्रज्ञ चमकदार विषयांकडे ओढले जातात, हा त्यांचा आक्षेप. स्वतः त्यांत पूर्वी छापून आलेल्या माणसाने हे म्हणावे यावर टीकाही झाली. पण ते ‘ईलाइफ’ या खुल्या नियतकालिकाचे पहिले मुख्य संपादक होते, म्हणजे पर्याय उभा करून बोलत होते. त्याच वर्षी मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, म्हणजे ‘डोरा’, प्रसिद्ध झाला होता. माणसाची नेमणूक, बढती, अनुदान ठरवताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, असे तो स्पष्ट शब्दांत सांगतो.

गर्दीच्या दिशेने चालण्याची किंमत काय, याचा यीस्टमध्ये आकडाच आहे. जीनोम वाचून दहा वर्षे उलटल्यावर, २००७ मध्ये, टोरंटोच्या पेन्या-कास्तियो आणि ह्यूज यांनी ‘जेनेटिक्स’मध्ये विचारले: यीस्टची हजाराहून अधिक जनुके अजून अनोळखी का? जगातल्या सर्वांत अभ्यासलेल्या एकपेशीय जीवांपैकी हा एक. एकेक जनुक काढून टाकलेल्या वाणांचा संपूर्ण संग्रह २००२ पासून उपलब्ध आहे, कोणीही मागवू शकतो. स्टॅनफर्डचा सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेस प्रत्येक जनुकाविषयीच्या निबंधांतली माहिती माणसांकडून वाचून घेऊन मोफत पुरवतो. साधनांची वानवा नाही. तरी काही जनुकांवर निबंधांची रास आणि काहींच्या नोंदीत ‘कार्य अज्ञात’ एवढेच. ज्याच्यावर आधीच लिहिले गेले आहे त्यावर लिहिले की संदर्भ मिळतात, अनोळखी जनुकाला वाचकच नसतो. या मापाचा सर्वांत मोठा तोटा हाच.

गेल्या पंधरा वर्षांत मात्र यीस्टचे संशोधन अंजिराच्या त्या एका वंशाबाहेर पडले आहे, ही आनंदाची गोष्ट. २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांच्या गाठींवर, लागर बिअरच्या यीस्टचा हरवलेला एक पूर्वज सापडला. २०१८ मध्ये सॅकरोमायसीस सेरेव्हिसीच्या जगभरच्या १,०११ वाणांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले आणि या जातीचे मूळ चीनकडे असावे असे दिसले. दुसरीकडे न्यूयॉर्कचे जेफ बोके आणि देशोदेशीचे त्यांचे सहकारी यांनी यीस्टची गुणसूत्रे नव्याने रचली. यीस्टकडून मलेरियाच्या औषधाचा पूर्वपदार्थ बनवून घेण्याचे काम तर त्याआधीच, २००६ मध्ये, ‘नेचर’मध्ये आले होते.

आणि रोगकारक यीस्ट. २००९ मध्ये टोकियोतल्या एका रुग्णाच्या कानातून सापडलेल्या कँडिडा ऑरिसचे वर्णन ‘मायक्रोबायॉलॉजी अँड इम्युनॉलॉजी’ या साध्या नियतकालिकात आले. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णालयांत औषधांना दाद न देणारे हेच यीस्ट दाखवले. पुढे जगभर धास्ती पसरली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींच्या यादीत ते अतिगंभीर गटात ठेवले. कानातल्या त्या यीस्टचा निबंध आज या विषयावरच्या जवळपास प्रत्येक संदर्भसूचीत आहे.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. संशोधक आणि उद्योग तिथून यीस्टचे वाण मागवतात. वाण जपून ठेवणे, शुद्ध राखणे, वेळेवर पाठवणे या कामाला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत मात्र शोधनिबंधाचे गुण या फॅक्टरनुसार चढतात: फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, आणि दहाच्या वर असेल तर ३०. निबंधात काय लिहिले आहे, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. समोर आलेल्या उमेदवाराचा एक निबंध, नियतकालिकाचे नाव झाकून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गुण त्यानंतर द्या.