चीनमधील पहिले चाळीस दिवस

शिक्षणासाठी परदेशी जाणारी मुले आता आपल्या वस्तीतूनही निघू लागली आहेत. पालकांचा सगळा विचार मात्र तिकीट आणि बॅगेपाशी थांबतो. पहिल्या दिवसांत मुलांवर काय गुजरते हे घरच्यांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये माझी पुतणी चिनी शासनाच्या शिष्यवृत्तीवर भाषेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी बीजिंगला गेली. फी, वसतिगृह आणि दरमहा भत्ता शिष्यवृत्तीत होता. विमानभाडे आपले. ते माझ्या भावाने पतपेढीचे कर्ज काढून भरले. नातेवाइकांचा एकच प्रश्न होता, “चिनी शिकून काय दिवे लावणार?”

खरे तर ही वाट आपल्याकडे जुनी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हते. पुढे ते चिनी भाषेतून वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तिथे त्यांचे नाव ‘के दिहुआ’ झाले. त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन. १९४७ साली भारत सरकारने पेकिंग विद्यापीठात पाठविलेल्या विद्यार्थ्यांत वसंत परांजपे होते. १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत ते दुभाषे होते. पुण्याचे डॉ. पु. वि. बापट यांनी चिनी शिकून ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला आणि तो अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. ‘विमुत्तिमग्ग’ मूळ भाषेत संपूर्ण उरलेला नाही, चिनी भाषांतरात मात्र तो टिकला. असे कितीतरी बौद्ध ग्रंथ आज चिनी भाषेतच सापडतात. ते वाचायला कोणीतरी चिनी शिकलेच पाहिजे.

आता अडचणींकडे येऊ. पहिली अडचण सुरांची. चिनी भाषेत एकाच अक्षराचा अर्थ सुरावर ठरतो. ‘मा’ सरळ उंच सुरात म्हटले तर आई, सूर चढवला तर ताग, खाली नेऊन वर आणला तर घोडा आणि झटकन खाली टाकला तर शिवी देणे. पहिल्याच आठवड्यात पुतणीला गावाचे नाव विचारले. तिने शब्दकोश पाहून घोडबंदरचे भाषांतर केले, पण सूर चुकला आणि आपले घोडबंदर ‘आईचे बंदर’ झाले! वर्ग हसला. ती मात्र दोन दिवस गप्प होती.

दुसरी अडचण लिपीची. चिनीत आपल्यासारखी बाराखडी नाही, प्रत्येक चिन्ह स्वतंत्र पाठ करावे लागते. वर्तमानपत्र वाचायला साधारण अडीच-तीन हजार चिन्हे लागतात. सुरुवातीला ‘पिनयिन’ या रोमन लिपीतील पद्धतीचा आधार असतो. ही पद्धत १९५८ पासून चालू आहे. पण दुकानाच्या पाट्या पिनयिनमध्ये क्वचितच असतात. म्हणून पदवीधर मुलगी रस्त्यावर उतरली की निरक्षर होते. हा धक्का मोठा असतो.

तिसरी अडचण रोजच्या जगण्याची. प्यायला गरम पाणी, चहात दूध-साखर नाही, भाजीतही मांसाचे तुकडे. वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडे नोंद, राहण्याचा परवाना या सगळ्यांत पहिले पंधरा दिवस जातात. व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नाही, म्हणून संपर्काचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या आठवड्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले आणि तिचा फोन आला, “काका, मला परत यायचंय. बाबांना तुम्हीच सांगा.”

मी बी. ए. ला पाली घेतली होती. एम. ए. करण्याची इच्छा होती, पण बँकेत लागलो आणि पाली सुटली. त्यामुळे ‘ये’ म्हणायला जीभ वळेना आणि ‘राहा’ म्हणण्याचा अधिकारही वाटेना. शेवटी म्हणालो, “बाळ, १४ ऑक्टोबरपर्यंत थांब. त्या दिवशी जवळच्या एखाद्या विहारात जाऊन ये. मग तू म्हणशील तसं. पैशांचं मी बघतो.”

१४ तारखेला रविवार होता. ती बीजिंगच्या ग्वांगजी विहारात गेली. तिथे पठण चालले होते. एक शब्दही कळत नव्हता. अचानक ‘नामो’ हा शब्द कानावर पडला. तो आपलाच ‘नमो’ होता. शेजारच्या आजीबाईंना तिने मोडक्या चिनीत विचारले, तर त्यांनी तिच्या वहीत ते चिन्ह लिहून दिले. पुढे वर्गातल्या शिक्षिकेने तिला आणखी शब्द दाखविले. ‘पूसा’ म्हणजे बोधिसत्त्व, ‘न्येपान’ म्हणजे निर्वाण आणि ‘छाना’ म्हणजे आपला क्षण. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेले शब्द तिथे तिची वाट पाहत होते.

ती राहिली. २०१९ मध्ये चौथ्या पातळीची भाषा परीक्षा उत्तीर्ण होऊन परतली. आज ती दुभाष्याचे काम करते आणि बापाचे कर्ज तिनेच फेडले.

पालकांना एवढेच सांगणे आहे. पहिल्या चाळीस दिवसांत मुलाने रडून फोन केला तर रागावू नका आणि लगेच तिकीटही काढू नका. परतीची वाट खुली आहे, एवढे त्याला कळू द्या. ते कळले की बहुतेक मुले थांबतात.