एक मे : जालन्याचे दोन वाढदिवस

मंडळी, एक मे म्हटलं की आपल्याला १९६० आठवतं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, शंभराहून अधिक हुतात्मे, मग मुंबईसह महाराष्ट्र आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या दिवशी राज्यात जे २६ जिल्हे होते, त्यांत जालना नव्हता!

आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या तारखेबद्दल. १ मे १९८१. त्या दिवशी औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातलं परतूर असे पाच तालुके एकत्र करून जालना जिल्हा झाला. त्याच दिवशी तिकडे कोकणात रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. राज्य झाल्यानंतरचे हे पहिले नवे जिल्हे. पुढे १९९९ च्या एक मेलाच हिंगोली आणि गोंदिया आले. म्हणजे ही तारीख सरकारला आवडतेच म्हणायची.

आता अंबडच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा विचार करा. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबरनंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९६० ला महाराष्ट्र. बारा वर्षांत चौथं राज्य, आणि माणूस आपल्या वावरातून हललेला नाही! १९८१ ला जिल्हाही बदलला.

याचा फायदा काय झाला? कलेक्टर कचेरी जवळ आली. परतूरच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी परभणीची गाडी धरायची गरज उरली नाही, तो उलट्या दिशेच्या गाडीत बसून जालन्याला जाऊ लागला. गरिबाचा एक दिवसाचा रोज वाचणं ही साधी गोष्ट नाही. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके झाले, आणि आज आठ आहेत.

पण सीमा हलली तरी कागद हलत नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे. निजामाच्या काळात दरबारी भाषा उर्दू. जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, तेव्हा कुणबी नोंदींचा शोध थेट हैदराबादपर्यंत पोचला. गाव इथं, पुरावा तिथं. आंदोलनाबद्दल कुणाचं मत काहीही असो, पण पंचाहत्तर वर्षांनंतरही घराण्याचा कागद परराज्यात शोधावा लागतो, ही गोष्ट आम्हाला फार बोचते.

घरी गेल्यावर एक करा. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा काढून बघा. १९८१ च्या आधीचा असेल तर त्यावर जिल्हा औरंगाबाद किंवा परभणी दिसेल. तुमच्या कागदावर जालना. आणि त्या औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. गाव तेच, पण उद्या एखाद्या खिडकीवरचा कारकून विचारेल, हे दोन्ही एकच कशावरून? म्हणून ते जुने कागद रद्दीत घालू नका.